बसा म्हणणाऱ्या इंदूताई

इंदूताईंना चहा द्यायचा म्हणजे आपणही उभं राहायचं, हा आमच्या घरातला नियमच होऊन गेला होता. जर्सी सिटीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या वरच्याच मजल्यावर त्या राहायच्या. खाली उतरून यायच्या, कप हातात घ्यायच्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. "बसा ना ताई," म्हटलं की "बसते गं" म्हणायच्या आणि बसायच्या नाहीत. एका मॉलमधल्या मोठ्या दुकानात पडद्यांच्या विभागात दिवसभर उभं राहून काम करणारी बाई घरी आल्यावर तरी पाय पसरेल असं आपल्याला वाटतं. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "एकदा बसले ना शैला, की मला उठवत नाही. मग स्वयंपाक कोण करणार, आमचे हे?"

शैला म्हणजे मी. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये संध्याकाळच्या पाळीला रक्त तपासायचं काम करायचे. सकाळ मोकळी, दाराशी एक जुनी लांबलचक स्टेशन वॅगन आणि तोंडातून 'नाही' न निघणारा स्वभाव. या तिन्ही गोष्टी इंदूताईंनी ओळख झाल्याबरोबर हेरल्या. त्या स्वतः गाडी चालवत नसत. अमेरिकेत एवढी वर्षं काढून गाडी न चालवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाल्या, "चालवणाऱ्याला रस्त्याकडे बघावं लागतं गं. मला लोकांच्या खिडक्या बघायच्या असतात." आणि खरोखरच त्या मधेच "थांब, थांब, जरा मागे घे" म्हणून ओरडायच्या. मी घाबरून ब्रेक मारावा, तर कुणाच्या तरी दिवाणखान्यातला पडदा बाईंना आवडलेला असायचा. मागच्या गाडीचा हॉर्न मी ऐकायचा.

ठेंगणी मूर्ती, घट्ट अंबाडा, साडीवर नवऱ्याचं करडं कार्डिगन आणि गळ्यात मंगळसूत्राबरोबर मोजमापाची टेप. ती टेप त्या आंघोळीलाच तेवढी काढत असाव्यात. पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा नाव सांगायच्याही आधी त्यांनी आमच्या सोफ्याचं एक टोक उचललं आणि मला म्हणाल्या, "दुसरं टोक धर." आम्ही दोघींनी तो भिंतीपासून ओढून खिडकीकडे तोंड करून ठेवला. मग बाजूला एक स्टूल सरकवलं. "आता इथे तुझा नवरा बसेल, पेपर वाचेल, आणि कप जमिनीवर ठेवणार नाही." तिन्ही गोष्टी खऱ्या झाल्या. तेव्हापासून माझा नवरा त्यांचा भक्त झाला.

त्यांचं सगळं शास्त्र एवढंच होतं. आधी खुर्ची, मग भिंत. दमलेला माणूस दारातून आत आला तर तो टेकणार कुठे, हातातला कप ठेवणार कुठे आणि तोंडावर ऊन येईल का, हे ठरलं की खोली झाली. बाकीचं सगळं हौस. हे शास्त्र त्यांनी मुंबईच्या चित्रकलेच्या कॉलेजातून आणलं नव्हतं, वडिलांकडून आणलं होतं. त्यांचे वडील सांगलीकडे नाटक कंपनीचे पडदे रंगवायचे. राजवाडा, रस्ता, जंगल. ते लेकीला सांगायचे म्हणे, राजवाडा कापडावर रंगवून चालतो, पण खुर्ची खरीच ठेवावी लागते, नाहीतर राजा बसणार कुठे?

तर अशा या बाईला शोहाउसचं वेड लागलं.

शोहाउस म्हणजे काय हे मला त्यांनीच गाडीत समजावलं. "एखाद्या जुन्या श्रीमंताचं बंद पडलेलं मोठं घर घ्यायचं. एकेका डिझायनरला एकेक खोली वाटून द्यायची. ज्याने त्याने आपापल्या खर्चाने, उसनवारीने ती नटवायची. महिनाभर तिकीट लावून लोकांना दाखवायचं. जमलेले पैसे हॉस्पिटलला. आणि महिना संपला की सगळं उचलून न्यायचं, घराचं तोंड परत होतं तसं धुवून द्यायचं."

"म्हणजे कष्ट तुमचे, सामान दुकानदाराचं आणि दानाचं पुण्य कमिटीच्या बायकांना," मी म्हटलं. "आयजीच्या जिवावर बायजी उदार."

"असू दे गं. चार लोक काम बघतात."

चार लोकांनी आपलं काम बघावं, ही त्यांची एकच भूक होती. दुकानात त्या गिऱ्हाइकाच्या खिडकीची मापं घ्यायच्या, पण पडदा कुठला हे गिऱ्हाईक ठरवायचं, आणि ते नेहमी चुकीचंच ठरवायचं असं इंदूताईंचं ठाम मत होतं. पहिल्या वर्षी कमिटीने त्यांना काय द्यावं? चादरी ठेवायचं कपाट! माणूस आत शिरला तर वळून बाहेर येता येणार नाही एवढं. इंदूताईंनी ते मन लावून केलं. पुढच्या वर्षी बढती मिळाली, ती नोकरांच्या जिन्यावरच्या चौकात. तिथे त्यांनी भिंतीला फिकट रंग दिला आणि एक साधी वेताची खुर्ची ठेवली. महिनाभर त्या खुर्चीवर कुणी ना कुणी बसलेलंच होतं. वरच्या मजल्यावर चढून दमलेल्या बायका, त्यांच्याबरोबर ओढत आणलेले नवरे. खोली बघायची म्हणजे आधी बसलेल्या माणसाला बघावं लागायचं. कमिटीच्या अध्यक्षबाई, मिसेस व्हिटमोर, खुर्ची हलवायला सांगून गेल्या. इंदूताईंनी ती या भिंतीची त्या भिंतीला हलवली.

तिसऱ्या वर्षी मात्र नशीब उघडलं. तासाभराच्या अंतरावर टेकडीवर एक हवेली होती. बटणांच्या कारखान्यावर पैसा केलेल्या कुणा गृहस्थाने मागच्या शतकात बांधलेली. दगडी भिंती, उतरत्या पायऱ्यापायऱ्यांची बाग, कापून चौकोनी केलेली झुडपं, कोरडं पडलेलं कारंजं, आणि बागेलगतच्या गच्चीच्या खांबांवर चढलेला विस्टेरियाचा जांभळा वेल. तिथल्या तळमजल्यावरची सकाळची खोली, म्हणजे घरच्या बाईने सकाळी बसून पत्रं लिहायची, चहा प्यायची खोली, ज्याला दिली होती तो डिझायनर ऐन वेळी आजारी पडला. खोली इंदूताईंना मिळाली. तीन मोठ्या खिडक्या, तिन्ही बागेवर उघडणाऱ्या. खोली पाहून त्या मधोमध उभ्या राहिल्या आणि तिन्ही खिडक्यांकडे वळून वळून बघितलं. मग मला म्हणाल्या, "शैला, ऊन इकडून येतं." मला तर ते ऊन आहे एवढंच दिसत होतं.

त्या वर्षी प्रश्न नुसत्या हौसेचा राहिला नव्हता. त्यांचे यजमान श्रीकांतराव गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. कंपनी आपला इथला गाशा गुंडाळून मिशिगनला, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला निघाली होती. या नोकरीपायी इंदूताईंनी आजवर कितीतरी गावं बदलली होती. प्रत्येक घराचे पडदे त्यांनी स्वतः शिवले आणि स्वतःच काढून खोक्यात भरले. "नव्या घराच्या खिडक्या कधी म्हणून जुन्या पडद्यांच्या मापाच्या निघत नाहीत," असं त्या म्हणायच्या, तक्रार न करता, हवा कशी आहे हे सांगावं तशा. पण या वेळी एका संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, मला नाही जायचं.

श्रीकांतराव भला माणूस. त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "शैलाताई, हिला इथे स्वतःचं काम मिळालं ना, तर मी कंपनीला 'नाही' म्हणून कळवतो. इकडे दुसरं काहीतरी बघतो. आजवर ती माझ्यामागून आली. एकदा मी राहीन तिच्यासाठी. फक्त काम मिळायला हवं, नाहीतर दोघंही घरी बसू."

आणि काम मिळायचा रस्ता एकच होता. घरसजावटीचं एक मोठं मासिक दरवर्षी शोहाउसच्या एकदोन खोल्यांचे फोटो छापायचं. ज्याची खोली छापून आली त्याचा फोन वर्षभर वाजत राहायचा. या वेळी मासिकाच्या बाईंनी सगळं घर फिरून बघितलं आणि सकाळची खोली निवडली. फोटोग्राफर अमुक दिवशी सकाळी येईल, असं कळवलं. इंदूताईंनी ही बातमी मला उभ्या उभ्या सांगितली, पण कप सांडला.

खोली त्यांनी कशी केली ते सांगायला गेलं तर सांगण्यासारखं काही नाही, आणि तीच तिची गंमत होती. इतरांच्या खोल्यांत शिरलं की डोळे दमायचे. शेजारच्या जेवणघरात भिंतभर मोर होते. वरच्या एका झोपायच्या खोलीत इतक्या उशा होत्या की झोपणाऱ्याने जमिनीवर झोपावं. इंदूताईंच्या खोलीत सायीच्या रंगाच्या भिंती, बिनफुलांचे पडदे, बागेकडे तोंड करून एका शोरूममधून उसना आणलेला फिकट हिरवा लांब सोफा, दोन खुर्च्या, आणि प्रत्येकीच्या हाताशी कप ठेवायला जागा. मिसेस व्हिटमोर यांनी गोडीत सुचवलं होतं की काहीतरी तुमच्याकडचं, एक्झॉटिक असं, ठेवा ना. मीही म्हटलं होतं, एखादी समई ठेवू या. त्या माझ्यावरच उखडल्या. "मला दुकान नाही मांडायचं."

प्रत्येक खोलीच्या दाराला दोन पितळी हुक आणि त्यांत अडकवलेली लाल मखमली दोरी. लोकांनी दोरीबाहेर उभं राहून बघायचं, आत पाऊल टाकायचं नाही, हा शोहाउसचा पहिला नियम. तो मोडला पहिल्याच रविवारी, आणि तो आपल्याच लोकांमुळे.

महाराष्ट्र मंडळाच्या सातआठ जणी इंदूताईंचं काम बघायला आल्या. पार्किंग लांब, तिथून चढ, वर तिकिटाचा भुर्दंड, त्यामुळे येतानाच तापलेल्या. दारात गर्दी करून उभ्या राहिल्या. आमच्या सगळ्यांत ज्येष्ठ लीलामावशींनी चष्मा सावरून आत बघितलं आणि विचारलं, "छान आहे गं इंदू. पण यात इंडियन काय आहे?"

"मी," इंदूताई म्हणाल्या.

"ते झालं. पण इथून काय कळणार? आणि माझे गुडघे तर पार कामातून गेले बाई. शटल बस म्हणे कॅन्सल केली. केवढं चालवलं!"

मी इंदूताईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. लीलामावशी गुडघे चोळत दाराबाहेर उभ्या. आत सोफा, दोन खुर्च्या, आणि मधे दोरी. आपल्या दारात आलेल्या वडीलधाऱ्या बाईला तिथूनच बघा आणि जा म्हणायचं, हे इंदूताईंना जमणं शक्य नव्हतं. त्यांनी दोरी हुकातून काढली. "या मावशी. या गं सगळ्या. बसा."

सगळ्या बसल्या. कुणीतरी पर्समधून चिवड्याचा डबा काढला, तो मी झडप घालून बंद केला. एवढ्यात मागून दोन अमेरिकन म्हाताऱ्या आल्या, दारात घुटमळल्या. "आर वी अलाउड?" एकीने विचारलं.

आता आपल्या माणसांना बसवलं आणि यांना उभं ठेवायचं? इंदूताई म्हणाल्या, "प्लीज कम. सिट."

झालं. दोरी पुन्हा लागलीच नाही. रोज दुकानाला अर्धी सुट्टी टाकून त्या खोलीत उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला बसवायच्या. मी त्यांना सोडायला जायचे आणि पाळीच्या वेळेपर्यंत तिथेच अडकायचे. ते घर पालथं घालून माणसं दमून यायची. या खोलीत आली की गप्प व्हायची, बसायची, बागेकडे बघायची. एक गृहस्थ तर बायको वरच्या खोल्या बघून येईपर्यंत रोजच्यासारखा पेपर वाचत बसले. इंदूताई भिंतीला टेकून उभ्या असायच्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद असायचा, जसा पंगतीत वाढणारीच्या चेहऱ्यावर शेवटची पोळी खपल्यावर असतो.

मिसेस व्हिटमोर दोनदा येऊन सांगून गेल्या. बाई वाईट नव्हत्या. महिनाभर त्या घरात पहाटेपासून राबून त्यांचेही डोळे खोल गेले होते. "इंदू, डिअर, सोफा शोरूमचा आहे. नियम सगळ्यांना सारखा. आणि फोटोच्या दिवशी तरी, प्लीज, दोरी लाव."

"येस, येस," इंदूताई म्हणाल्या. त्या दिवशी दोरी लावायचीच असं त्यांनीही मनाशी ठरवलं होतं. मला तसं गाडीत सांगितलं होतं.

फोटोच्या दिवशी आम्ही लवकर पोचलो. इंदूताईंनी पडद्यांच्या चुण्या बोटांनी सारख्या केल्या, सोफ्यावर हात फिरवला. ऊन खिडकीतून सरकत सरकत बरोबर सोफ्यावर यायचं होतं. फोटोग्राफरने तीच वेळ मागितली होती, आणि त्यानंतर त्याला दुसऱ्या गावी जायचं होतं. तो गच्चीवर आपलं सामान जुळवत होता. मी बागेत त्याचं एक खोकं उचलायला मदत करायला गेले. तेवढ्या वेळात घात झाला.

परत आले तर दोरी हुकातून निघालेली, आणि सोफ्यावर एक बाई. कुठल्याशा चर्चच्या सहलीच्या बसमधून आलेली, जाडजूड, सत्तरीची. तिने बूट काढून बाजूला ठेवले होते. पाय सुजून मोज्यांच्या कडा आत रुतल्या होत्या. आणि ती झोपली होती. नुसती डुलकी नव्हे, तोंड उघडं टाकून गाढ झोप.

"ताई, हे काय?" मी कुजबुजले.

"अगं, दारातच भिंतीला धरून उभी होती. चक्कर येते म्हणाली. म्हटलं दोन मिनिटं टेका. पाणी दिलं. एवढ्यात झोपलीच."

फोटोग्राफर दारात आला, घड्याळ बघितलं, हसला. "ओके, लेट्स क्लिअर द रूम." त्याच्यामागे मिसेस व्हिटमोर होत्या. त्या थेट सोफ्याकडे निघाल्या. इंदूताई त्यांच्या आणि सोफ्याच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"मिसेस व्हिटमोर, शी इज स्लीपिंग."

"आय कॅन सी दॅट, इंदू. वेक हर अप."

"नो."

"इंदू, इट्स युअर रूम. युअर पिक्चर."

"शी इज माय गेस्ट," इंदूताई म्हणाल्या. आवाज चढला नाही. एरवी दुकानात मॅनेजरपुढे त्यांचा आवाज घशातून बाहेर पडायचा नाही, तो मी ऐकलेला आहे. हा तो नव्हता.

मी पुढे झाले. मी उठवते म्हटलं. मला श्रीकांतराव डोळ्यांपुढे दिसत होते, जिन्यात उभे राहून बोलताना. इंदूताईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की माझा हात मागे आला. फोटोग्राफर थोडा वेळ थांबला. ऊन सोफ्यावर आलं, त्या बाईच्या सुजलेल्या पायांवर आलं, आणि तिने झोपेतच सुस्कारा सोडला. इंदूताईंनी जाऊन खिडकीचा पडदा ओढून घेतला, तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून. फोटोला लागणारा उजेडच गेला. फोटोग्राफरने खांदे उडवले आणि सामान घेऊन शेजारच्या मोरांच्या खोलीत गेला.

ती बाई आपली बस निघायची वेळ झाल्यावर उठली. काय झालं याचा तिला पत्ताही नव्हता. बूट घालताना म्हणाली, "लव्हली सोफा, हनी." आणि गेली.

येताना गाडीत मी काही बोलायचं बाकी ठेवलं नाही. असलं हात दाखवून अवलक्षण मी जन्मात पाहिलं नाही, म्हटलं. कोण कुठली बाई, तिचं नावही माहीत नाही. तिला अलगद उठवून खुर्चीत बसवली असती, पुन्हा झोपली असती. इंदूताई मांडीवर हात ठेवून समोर बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी एकाही खिडकीकडे बघितलं नाही.

"जेवत्या माणसाला आपण पानावरून उठवतो का गं?" त्या म्हणाल्या.

"ती जेवत नव्हती! झोपली होती!"

"तेच ते. मीच बस म्हटलं तिला. बस म्हणायचं आणि मग माझं काम निघालं म्हणून ऊठ म्हणायचं?"

"ताई, तुमचं इथे राहणं त्या फोटोवर होतं."

"माहीत आहे मला." मग त्या म्हणाल्या, "दमले गं मी. आता एकदा थांबावंसं वाटत होतं. पण तिला उठवून काढलेला फोटो मी भिंतीवर लावला असता, आणि रोज तिथे मला त्या बाईचे पायच दिसले असते."

मला हे तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पुरतं पटलेलं नाही. तो फोटो निघायला हवा होता. आठवण आली की आजही मला त्या झोपलेल्या बाईचा राग येतो, फोटोग्राफरचा येतो आणि सगळ्यांत जास्त इंदूताईंचा येतो, आणि रागावता रागावता डोळे भरून येतात.

मासिकात मोर छापून आले. सकाळच्या खोलीचं नावही नव्हतं. सोफ्यावर बसून गेलेल्यांपैकी दोघीतिघींनी इंदूताईंचा फोन नंबर घेतला होता. त्यांतल्या एकीने फोन केला, तो तसाच सोफा कुठे मिळेल हे विचारायला. श्रीकांतराव म्हणाले, आपण अजून थोडं थांबून बघू. इंदूताईंनीच त्यांना नको म्हणून सांगितलं. "दोघांनी कशाला लटकत राहायचं? येतो म्हणून तुम्ही कळवून टाका." आणि त्या खोकी आणायला दुकानात गेल्या.

शोहाउस उठवायच्या दिवशी मी त्यांना शेवटचं तिथे घेऊन गेले. प्रत्येक डिझायनरने आपलं सामान त्या एका दिवसात हलवायचं होतं. बागेत विस्टेरियाची फुलं गळून पायऱ्यांवर तपकिरी कचरा झाला होता. सगळ्या दारांतून ट्रक, शिड्या, आरडाओरडा. वरून त्या असंख्य उशा प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून खाली येत होत्या. एका खोलीत दोन माणसं सोनेरी पट्ट्यांवर पांढरा रंग मारत होती.

इंदूताईंनी शिडीवर चढून पडदे काढले. मी खालून धरत होते. त्यांनी ते घडी घालून माझ्या हातात दिले, तेव्हा त्यांच्याकडे बघताना माझ्या लक्षात आलं, या बाईने आयुष्यभर हेच केलंय. खुर्च्या गेल्या, कप ठेवायची टेबलं गेली. खिडक्या उघड्या पडल्या आणि भिंतींवर नुसतं ऊन राहिलं. शोरूमचा ट्रक सोफ्यासाठी यायचा होता, तेवढाच काय तो उरला होता. मी पडदे आणि शिडी गाडीत टाकायला गेले. गाडीच्या मागच्या दाराचं कुलूप नेहमीसारखं अडकलं, त्यात बराच वेळ गेला. माझी पाळीची वेळ जवळ येत चालली होती, आणि मी तणतणतच परत आले.

इंदूताई सोफ्यावर बसल्या होत्या.

बसल्या होत्या म्हणजे आधी बसल्या असाव्यात. आता पाय वर घेऊन, कार्डिगन अंगावर ओढून, एका कुशीवर झोपल्या होत्या. अंबाडा सुटला होता. गळ्यातली टेप सोफ्यावरून खाली लोंबत होती. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं. खूप लहान दिसत होत्या, आणि फार दमलेल्या.

मागून पावलं वाजली. शोरूमची दोन दांडगी माणसं आली होती. त्यांतल्या एकाने आत बघितलं आणि घाम पुसत म्हणाला, "दॅट द काउच? लेडी, वी गॉट टू मोअर स्टॉप्स. कॅन यू गेट हर अप?"

खिडकीच्या कट्ट्यावर ती लाल मखमली दोरी पडली होती, गुंडाळून ठेवलेली. मी ती घेतली. दाराबाहेर आले, एक टोक या हुकात अडकवलं, दुसरं त्या. आणि दोरीच्या अलीकडे त्या दोघांसमोर उभी राहिले.

"सॉरी," मी म्हटलं. "नोबडी गोज इन."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. दुसरा हसला आणि जिन्याच्या पायरीवर बसून त्याने सँडविच काढलं. पहिल्याने पुन्हा विचारलं, किती वेळ?

माझी पाळी चुकणार होती, हे मला दिसत होतं. बाहेर मिसेस व्हिटमोर कुणावर तरी ओरडत होत्या. आत ऊन हळूहळू सोफ्यावर येत होतं, आणि ओढायला आता पडदाही नव्हता.

"त्या उठेपर्यंत," मी म्हटलं, आणि त्यालाही बसायला सांगितलं.